काट्याखालचं पेट्रोल

अन् एवढं सगळं करूनही काटा काही हलला नाई, बाबा. इंजिन सुरू झालं, हॉर्न वाजला, वायपरसुद्धा कण्हत कण्हत एक फेरी मारून आला, पण पेट्रोलचा काटा पडल्या जागी पडूनच. मी चाबी फिरवून पाहून राह्यली, काचेवर बोटानं टिचकी मारून राह्यली, तुमी मारत होते तशी. आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "काटा?" मी म्हणलं, "काटा सोडून सगळं झालं." ती म्हणे, "मंग काहीच नाई झालं."

तुमची जीप चालू करून राह्यली मी, हे तुमाले सांगाचंच राह्यलं. तुमी गेल्यावर ती घरामागच्या टिनाखाली उभी होती. किती जण मागाले आले, आईनं कोणाले देल्ली नाई. विकली बी नाई अन् स्वतः कधी तिच्याजवळ गेली बी नाई. मी आता चंद्रपूरले बँकेत आहे. शनिवारी संध्याकाळी अहेरीले येतो, अन् रविवार पूर्ण जीपखाली. माह्या ऑफिसातल्या पोरी सुट्टीच्या दिवशी पिक्चरले जातात, मी कार्बोरेटर धुतो. जुन्या गाड्यायचे इंटरनेटवर ग्रुप असतात, तिथं इंग्लंड-अमेरिकेतले म्हातारे लोक मले रोज काही ना काही शिकवतात. मी त्यायले तुमच्या जीपचे फोटो पाठवतो, ते "ब्युटिफुल" म्हणतात. मले इंग्लिश मीडियमले घालून तुमी काय विचार केला असन माहीत नाई, पण हा नक्कीच नसन.

यंदा आईनं पहिल्यांदाच स्वतःहून म्हणलं का मार्कंड्याच्या जत्रेले जाऊ. मी म्हणलं, जीपनं जाऊ. ती म्हणे, "काटा चालू कर, मंग बसीन. तुह्या बाबाच्या गाडीत मी रस्ता कधी पाह्यलाच नाई. काटाच पाहत बसली." त्याच्यात सगळं आलं. तिले गाडीत बसवाचं तर काटा पाहिजे. म्हणून मी एवढी मागे लागली होती.

ती काटा काऊन पाहे, हे तुमाले मी काय सांगू. अहेरी सोडून खाली गेलं का तेव्हा पंप नव्हता. तुमची जीप तेंदूपत्त्याच्या सीजनमध्ये ठेकेदाराकडं लागे. या फळीवरून त्या फळीवर, जिथं गावचे लोक पानाचे पुडे मोजून देत, तिथं तुमी फिरत राहाचे. अन् रस्त्यात कोणी ना कोणी फटफटी ढकलत येतच असे. घामानं भिजलेला, एका हातात रिकामी बाटली. "भाऊ, पुढच्या गावालोक पोहोचाले होईन एवढं द्या." तुमी कधी नाई म्हणलं, असं मले आठवत नाई. सीट उचलाची, नळी टाकाची, तोंडानं ओढाची, मंग थुंकत थुंकत बाटली भराची. मी बाजूले उभी, पाण्याची कॅन घेऊन. तुमी चूळ भराचे अन् म्हणाचे, "आज चहा नोको, पेट्रोल पेलो." आई गाडीतून ऐकवाची, "स्वतःच्या टाकीत नाई अन् जगाले वाटत फिरते हा माणूस." अन् खरंच, काटा तेव्हा बहुतेक वेळा खालीच असे.

एकदा मीच बोलली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुमच्यासंग होती, एक माणूस आला, त्यानं तोंड उघडाच्या आत मी म्हणलं, "काका, आमचाच काटा खाली आहे." तो बिचारा वापस वळला. तुमी त्याले थांबवलं, बाटली भरून देल्ली, अन् तो गेल्यावर गाडी सुरू न करता माह्याकडं पाह्यलं. ओरडले नाई. म्हणलं, "काटा पाहाचं काम तुहं नाई. तू मागनाऱ्याचं तोंड पाहत जाय." मले लय लागलं होतं ते. पूर्ण रस्ताभर मी बाहेर पाहत होती. पण लक्षात तेच राह्यलं.

तुमी गेले तेव्हा खालच्या गावचे एक आजोबा पायी आले होते. मी त्यायले वळखत नव्हती. अंगणात सगळे बसले होते अन् ते उभ्यानंच बोलले. सुनेच्या बाळंतपणाचं दुखणं, पोराची फटफटी रस्त्यात बंद, अन् तुमी आले. "काटा खाली होता. आमी डोयानं पाह्यला. तरी देल्लं." एवढंच बोलून बसले. त्याच्यानंतर दर वर्षी ते आईले चारोळी आणून देतात. आता चालणं होत नाई त नातवाच्या मागं बसून येतात, तोच नातू, त्या बाळंतपणात जन्मलेला. आई त्यायले जेवू घालते, अन् ते गेल्यावर डबा उघडून एक एक दाणा निवडत बसते. मी शाळेत तुमच्यावर इंग्लिशमध्ये निबंध लिहिला होता. माझे वडील रिकाम्या टाकीतून पेट्रोल देत, असा. मिसनं वर्गात वाचून दाखवला. माह्यासाठी तुमी म्हणजे तेच होते, बाबा. बाकीच्यायचे वडील कोणी इंजिनियर, कोणी रेंजर, माहे रिकाम्या टाकीतून देणारे.

तर काटा. ग्रुपवरच्या म्हाताऱ्यायनं सांगतलं का घाबरू नोको, त्याच्यात तीनच गोष्टी असतात. समोर काटा, मागं टाकीत तरंगणारा फ्लोट, अन् मधात वायर. पहिले टाकीवरची वायर काढ अन् क्षणभर गाडीच्या लोखंडाले लाव. मी लावली, अन् काटा झोपेतून उठल्यासारखा सरकत सरकत पार वरच्या टोकाले गेला. मी जोरात ओरडली त आईले वाटलं करंट लागला. म्हणजे काटा चांगला होता, वायर चांगली होती. गडबड टाकीकडं. मंग दिवसभर मी फ्लोटवर संशय घेत राह्यली, नवीन मागवाले निघाली होती. शेवटी एका म्हाताऱ्यानं विचारलं, टाकी रंगवली का? रंगवली होती ना. आतून साफ करून घेतली, बाहेरून दोन हात मस्त काळा रंग देल्ला, बोल्टच्या खाली, स्क्रूच्या खाली, कुठी म्हणून जागा सोडली नाई. रंगानं टाकी अन् गाडी यायचा संबंधच तुटला होता. करंटले वापस जाले रस्ताच नाई. एवढ्या हौसेनं रंगवली अन् त्याच हौसेनं काटा मारला. एका बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरनं घासला, चाबी फिरवली, काटा उठला.

पण बरोबर उठला नाई. टाकी मी गळ्यापर्यंत भरली होती अन् काटा पाऊणवर येऊन थांबला. मंग मी कॅनमध्ये थोडं थोडं पेट्रोल काढून पाह्यलं. काटा खाली टेकला, तरी टाकीत हलवलं का चांगलं डुबुक डुबुक वाजे. टेकल्यावरही बरंच उरत होतं. म्हणून फ्लोट बाहेर काढला. पितळेचा डब्बा चांगला, कुठी भोक नाई, पण त्याची दांडी मधातून वर वाकलेली. टाकी साफ करतानाही मी ती पाह्यली होती, तेव्हा वाटलं तशीच असन. आता फोटो टाकला त ग्रुपवर सगळे म्हणे, वाकली आहे, सरळ कर, काटा बरोबर दाखवन.

मी पक्कड शोधत होती, भेटली नाई. म्हणून फ्लोट घेऊन चाचाकडं गेली. तुमचे दोस्त, बाजारातले जळक्या मोटरी बांधून देनारे चाचा. आता त्यायचा पोरगा दुकान पाहते, ते बाहेर खुर्ची टाकून बसतात अन् पोराच्या कामाले नावं ठेवतात. मी फ्लोट हातात देल्ला अन् म्हणलं, "चाचा, पक्कड द्या जरा, दांडी सरळ कराची आहे." त्यायनं फ्लोट डोळ्याजवळ नेला, फिरवला अन् हसाले लागले. हसता हसता खोकला आला, पोरगा आतून पाणी घेऊन आला.

"कशी वाकली म्हन्ते?"

"पडून वाकली असन."

"पडून अशी वाकते का, बेटा? हे दात पाह्य. पक्कड माही होती." दांडीवर खरंच पकडीचे दात उमटले होते, एकाशेजारी एक. "तुहा बाप इथीच बसला होता. म्हने, भाई, काटा जरा खोटा करून दे. मी म्हनलं, दुनिया काटा खरा कराले येते, तू एकटाच खोटा कराले आला. म्हने, टाकीत हाय त्याच्यापेक्षा कमी दाखवला पाह्यजे."

मी म्हणलं, "काऊन पण?"

"तुह्यामुळं. तू तापात होती ना तेव्हा."

मले आठवलं. पूर्ण नाई, तुकड्या तुकड्यानं. मी आईच्या मांडीवर, जीप सागाच्या जंगलात उभी, हवा अशी गरम का डोळे उघडवत नाई. तुमी बोनेट उघडत होते, बंद करत होते, अन् बोनेटमध्ये काहीच झालेलं नव्हतं. पेट्रोल संपलं होतं. मागच्याच गावात तुमी कोणाले तरी बाटली देल्ली होती. आई त्या दिवशी भांडली नाई. एक शब्द बोलली नाई. पदर ओला करून माह्या कपाळावर ठेवत राह्यली, अन् मंग एक ट्रॅक्टर आला. ती घरी आल्यावरही बोलली नाई, बरेच दिवस. मले तिचं चूप बसणं जास्त आठवते, ताप कमी.

चाचा सांगत होते, "दुसऱ्याच दिवशी आला. तोंड उतरलेलं. मी म्हनलं, सिधी गोष्ट हाय, वाटनं बंद कर. म्हने, ते माह्यानं होत नाई. तर म्हनलं, एक कॅन भरून गाडीत ठेव. म्हने, कॅन दिसते, दिसलं का संपते. मंग म्हने काट्याच्या खाली ठेवतो. मी विचारलं, भाभीले सांगतलं? म्हने, सांगतलं त ती तेवढंही हिशोबात धरन. मंग उरन काय? अन् मलेही विसरूनच जा लागन, नाई त मीच उडवून टाकीन."

मी फ्लोट हातात घेऊन बसली. खरं सांगतो बाबा, पहिले मले बरं नाई वाटलं. आजोबा आठवले. आमी डोयानं पाह्यला, काटा खाली होता. मिस आठवली, निबंध वाचणारी. मी चाचाले म्हणलं, "म्हणजे लोकायले वाटे रिकाम्या टाकीतून देऊन राह्यले, अन् टाकी रिकामी नव्हतीच." चाचानं पोराले हाक मारली, "सुन बे, ही काय म्हनते." मंग माह्याकडं वळून म्हणे, "टाकी रिकामी नव्हती, बरोबर. पन पेट्रोल खोटं होतं का?"

पक्कड त्यायनं देल्ली, मी घेतली, घरी आली. रविवारी दुपारभर टिनाखाली बसून होती, एका हातात पक्कड, एका हातात फ्लोट. अन् जेवढा जास्त विचार केला तेवढं मले वेगळं दिसाले लागलं. खरोखरच शेवटचं पेट्रोल देऊन टाकणारा माणूस तुमी एकदा होऊन पाह्यले होते, अन् त्याचा ताप मले अन् आईले झाला होता. त्याच्यानंतर दोनच रस्ते होते. देणं बंद कराचं, नाई त आमाले पुन्हा जंगलात बसवाचं. तुमी तिसरा रस्ता काढला. काटा लवकर खाली आला का लवकर भराचं, अन् काट्याच्या खालचं जे आहे ते मागनाऱ्याचं. लोक रिकामी टाकी समजून तुमचे पाय धरत, ते तुमी ऐकून घेतलं, हे खरं. पण आई रोज बोले, तेही ऐकून घेतलं. एक वाक्य बोलले असते का "अगं, काट्याखाली आहे अजून, घाबरू नोको," त ती कटकट कायमची मिटली असती. तुमी ते वाक्य कधी बोलले नाई. माह्या निबंधातल्या बाबापेक्षा हे बाबा मले जास्त आवडले. निबंधातल्या बाबाले फक्त देता येत होतं. तुमी आमाले सांभाळून द्याले शिकले. अन् त्या दिवसानंतर मी कधीच पेट्रोलसाठी रस्त्यावर बसली नाई, हे मले दांडी हातात घेतल्यावर कळलं. ज्याच्याबद्दल तुमाले थँक्यू म्हणाचं, ते झालंच नाई असं काहीतरी होतं, म्हणून कधी म्हणलं नाई. आता म्हणतो.

दांडी मी सरळ केली नाई. होती तशी बसवली. ग्रुपवर लिहिलं, प्रॉब्लेम सॉल्व्ड. टाकी भरली, आईले बोलावलं. ती चष्मा लावून आली, पदर सावरत ड्रायव्हरच्या बाजूनं वाकली. मी चाबी फिरवली. काटा चढला अन् पाऊणवर थांबला.

"फुल आहे?"

"फुल आहे."

तिनं काट्याकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. "बरोबर," म्हणे, अन् पोळ्या लाटाले निघून गेली.

मार्कंड्याले गेलो. लय गर्दी होती, नदीच्या रेतीवरून आई माहा हात धरून चालली, देवळातल्या लायनीत कोणाशी तरी भांडली, खूश होती. वापस येताना चामोर्शीच्या पंपावर जत्रेतल्या गाड्यायची लाईन रस्त्यापर्यंत आली होती. मी म्हणलं, पुढं पाहू. आष्टीच्या अलीकडं काटा टेकला. मी तिरप्या डोळ्यानं आईकडं पाह्यलं. तिले दिसला होता.

तिथंच एक नवरा-बायको दिसले. तो स्कूटी ढकलत होता, ती मागून लहान पोराले कडेवर घेऊन. मी काही म्हणाच्या आत आई म्हणे, "थांबव." मी थांबली. तो माणूस जवळ आला, "ताई, आष्टीलोक होईन एवढं पेट्रोल," एवढं बोलला अन् त्याची नजर आत काट्यावर गेली. जुन्या गाडीत लोक पहिले तेच पाहतात. "जाऊ द्या ताई, तुमचंच संपलं."

आई म्हणे, "काट्याकडं नोको पाहू तू. बाटली आहे का?"

बाबा, मी सीट उचलली, नळी टाकली, ओढली. इतकं वाईट लागते ते, तुमी कधी सांगतलं नाई. डोळ्यातून पाणी, जिभेले आग. आई बाजूले पाण्याची बाटली घेऊन उभी. त्या बाईनं जत्रेतला प्रसाद आईच्या हातावर ठेवला, वाकून पाया पडली, म्हणे, "स्वतःचं संपलं असून देल्लं, माय." आईनं तिले उठवलं, पोराच्या गालाले हात लावला. "सावकाश जा," म्हणे. ते गेले. मी चूळ भरून गाडीत बसली. मले वाटलं, आता विचारन, आता म्हणन का पंप कुठी, पोहोचतो का नाई. तिनं पदर कानाभोवती गुंडाळला, हुडाच्या दांडीले डोकं टेकवलं, अन् आष्टी यायच्या आधी झोपली. काटा मेल्यासारखा खाली पडलेला, अन् ही झोपलेली. आष्टीचा पंप मागं गेला तेव्हाही उठली नाई, अन् मीही थांबली नाई. मले पाहाचं होतं. घरापर्यंत आरामात आलो.

एक सांगूनच टाकतो. त्या बाईचे आभार मी घेतले. काट्याखाली आहे हे मले माहीत होतं, तरी चूप बसली, अन् मले लय छान वाटलं. मनात पहिला विचार हाच आला का, अच्छा, तुमाले असं वाटत होतं काय. अन् आईले मी दांडीचं अजून सांगतलं नाई. हे लिहून जीपच्या खणात ठेवणार होती, पण तिथं आता ती सुपारी ठेवते, म्हणून बँकेच्या ड्रॉवरमध्ये राहीन. पण माहं डोकं आता त्याच्यातच अडकलं आहे. जी बाई रस्ता सोडून काटा पाहे, तिले इतक्या वर्षात दिसलं नसन काय, का टाकी फुल केली तरी तुमचा काटा पाऊणवरच थांबते? तिले दिसलं असन, अन् ती तरीही रोज बोलत राह्यली असन, कारण ती बोलली नसती त तुमीच ते हिशोबात धरलं असतं. का मी उगाच जोडून राह्यली, अन् ती बिचारी त्या दिवशी फक्त थकून झोपली होती? तुमी तिच्यासंग माह्यापेक्षा जास्त दिवस त्या गाडीत बसले, बाबा. तुमाले काय वाटते?